ओठांचा निळा रंग

आमची आजी आपल्या आयुष्यांतील गोष्टी सांगतांना सन-तारखेचा उल्लेख कधीं करीत नसे. 'दुष्काळाचें साल', 'मोठ्या पुराचें साल', 'मानमोडीचें साल' अशी तिची कालगणना होती. मानमोडीचें साल म्हणजे इ. स. १९१८. ती तेव्हां नऊ वर्षांची होती व तिचें माहेर साताऱ्याकडील एका लहान गांवीं होतें. दसऱ्याच्या सुमारास तिचा थोरला भाऊ, तालमींत घुमणारा बावीस वर्षांचा गडी, तापानें अंथरुणाला खिळला आणि तिसऱ्या दिवशीं गेला. घरांत दमेकरी म्हातारी होती, तान्हें मूल होतें. त्यांनाहि ताप आला आणि उतरला. गेला तो मात्र घरांतील सर्वांत धट्टाकट्टा पुरुष. आजीला अखेरपर्यंत दोन गोष्टींचें कोडें उलगडलें नाहीं. एक, हा असा उलटा न्याय कां. आणि दुसरी, जाण्यापूर्वीं त्याचे ओठ, कानांच्या पाळ्या आणि नखें पिकल्या जांभळाच्या रंगाचीं कां झालीं. गांवांत कोणी म्हणालें विषबाधा, कोणी म्हणालें दृष्ट.

मी शाळामास्तर होतों, वैद्य नव्हे. परंतु आजीचे हे दोन प्रश्न मनांतून गेले नाहींत, आणि सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां त्यांच्या मागें लागलों. असें आढळलें कीं, जगांतील थोर थोर डॉक्टरहि तेच प्रश्न विचारीत होते, आणि उत्तर हातीं येण्यास शंभर वर्षें लागलीं. ती हकीकत आज सांगतों.

मुंबईंत ह्या रोगाचें पहिलें पाऊल १९१८ च्या जून महिन्यांत पडलें. १० जून रोजीं गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानें आजारी होऊन रुग्णालयांत दाखल झाले. ती पहिली लाट सौम्य होती. खरा संहार सप्टेंबर-ऑक्टोबरांतील दुसऱ्या लाटेनें केला. ६ ऑक्टोबर ह्या एकाच दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता, धान्य महाग झालें होतें, आणि अर्धपोटीं शरीरांवर हा रोग येऊन कोसळला. अविभक्त हिंदुस्थानांत किती माणसें दगावलीं याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशीं लाखांपर्यंत जातात.

परंतु तो निळा रंग डॉक्टरांच्या दृष्टीस याहिपूर्वीं पडला होता. १९१६-१७ च्या हिवाळ्यांत, महायुद्ध ऐन भरांत असतांना, उत्तर फ्रान्समध्यें एताप्ल येथील ब्रिटिश लष्करी छावणींत, आणि इंग्लंडांत आल्डरशॉट येथेंहि, सैनिकांमध्यें श्वासनलिकांचा एक विचित्र विकार आढळला. ताप, खोकला, पिवळा बेडका, आणि मग चेहऱ्यावर निळसर-जांभळी छटा. तेथील डॉक्टरांनीं १९१७ सालीं त्याचें वर्णन 'लान्सेट' साप्ताहिकांत छापलें. त्या रंगाला त्यांनीं एका फुलाचें नांव दिलें : हेलिओट्रोप. युरोपांतील बागांत हें जांभळट फूल असतें. इतक्या भयंकर चिन्हाला फुलाचें नांव द्यावें ही मोठी विपरीत गोष्ट खरी. पण रंग अचूक सांगावयाचा तर माणूस फुलाकडे किंवा फळाकडेच वळतो. आजीनें नाहीं का जांभूळ निवडलें?

हा विकार म्हणजे पुढें आलेल्या साथीचीच नांदी होती कीं नाहीं, यावर पंडितांत मतभेद आहेत. रंग मात्र तोच होता. १९१८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील बॉस्टनजवळच्या डेव्हन्स छावणींत तरुण शिपाई शेंकड्यांनीं मरूं लागले, तेव्हां विल्यम वेल्च हे तेथील अग्रगण्य विकृतिशास्त्रज्ञ पाहणीला गेले. शवविच्छेदनांत जीं फुप्फुसें त्यांनीं पाहिलीं तीं हवेनें हलकीं असावयाचीं त्याऐवजीं पाण्यानें व रक्तानें जड झालेलीं होतीं. उभ्या जन्मांत हजारों शवें पाहिलेला हा वृद्ध गृहस्थ त्या दिवशीं हादरून गेला, आणि हा कांहीं तरी नवाच संसर्ग असावा असें बोलून गेला. चेहऱ्यावर तो रंग चढला कीं रोगी बहुधा वांचत नाहीं, हें छावणींतील सर्व डॉक्टरांना थोड्याच दिवसांत कळून चुकलें.

रंगाचा अर्थ काय, याविषयीं दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, हें जंतूंचें विष आहे. तें रक्तांत भिनतें, हृदयाला मारतें, आणि निळेपणा ही त्या विषाची केवळ खूण आहे. दुसरा पक्ष म्हणे, फुप्फुसांतून रक्ताला प्राणवायूच मिळत नाहीं, हाच मुख्य घात आहे. या दुसऱ्या पक्षाचे अध्वर्यु ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन हे होत. (त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढें आपल्या देशांत येऊन राहिले व भारताचे नागरिक झाले.) हा मोठा विलक्षण पुरुष. खाणींत स्फोट झाला कीं तेथें जाऊन विषारी वायूंची परीक्षा स्वतःच्या श्वासावर करणारा. युद्धांत विषारी वायूनें गुदमरलेल्या सैनिकांसाठीं त्यांनीं प्राणवायु देण्याचें मुखवट्याचें साधन तयार केलें. तोंवर प्राणवायु देण्याची रीत अशी कीं, नळीला एक नरसाळें लावून तें रोग्याच्या तोंडासमोर धरावयाचें. त्यांतला बहुतेक वायु खोलींत विरून जाई, आणि मग डॉक्टर म्हणत कीं प्राणवायूचा उपयोग होत नाहीं! १९१७ सालीं हॉल्डेन यांनीं या आक्षेपाला लेखी उत्तर दिलें. प्राणवायु रोगाचें मूळ काढीत नाहीं, मग तो देऊन काय उपयोग, असें म्हणणाऱ्यांना त्यांनीं सांगितलें कीं, शरीर हें निर्जीव यंत्र नव्हे. त्याला पूर्वस्थितीवर येण्याची ओढ असते, आणि प्राणवायूनें मिळालेली उसंत तें फुकट घालवीत नाहीं, दुरुस्तीला लावतें. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. पण १९१८ सालीं तो मुखवटा किती खाटांपर्यंत पोंचला असेल? साताऱ्याकडील खेड्यांत तर नरसाळेंहि नव्हतें.

वादाचा निकाल मोजमापाशिवाय लागत नाहीं. तें मोजमाप १९१९ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांतून बाहेर आलें. विल्यम स्टॅडी या तरुण डॉक्टरनें न्यूमोनियाच्या रोग्यांच्या मनगटांतील धमनींत सुई घालून रक्त काढलें व त्यांतील प्राणवायु मोजला. तोंवर रक्त काढीत तें शिरेंतून. धमनीला हात लावण्यास डॉक्टर कचरत. निरोगी माणसाच्या धमनींतील रक्त आपल्या शक्तीच्या शेंकडा ९५ च्या आसपास प्राणवायूनें भरलेलें असतें. निळ्या पडलेल्या रोग्यांत तें प्रमाण पुष्कळ खालीं गेलेलें आढळलें, आणि जितकें खालीं तितका मृत्यु जवळ. म्हणजे रंग हा विषाचा नव्हता, उणिवेचा होता. हॉल्डेन यांचा पक्ष खरा ठरला.

त्याच वर्षीं, त्याच संस्थेंत, ख्रिस्तेन लुंड्सगार्ड या डेन्मार्कच्या डॉक्टरनें आणखी एक गोष्ट दाखविली. निळेपणा डोळ्यांना दिसण्यासाठीं रक्तांत प्राणवायु गमावलेलें हिमोग्लोबिन ठराविक प्रमाणांत, दर शंभर घनसेंटिमीटर रक्तांत सुमारें ५ ग्रॅम, जमावें लागतें. याचा अर्थ असा कीं, ज्याच्या अंगांत रक्तच कमी, तो प्राणवायूवांचून मरणाच्या दारीं आला तरी निळा दिसणार नाहीं. हें वाचलें तेव्हां मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलों. दुष्काळी वर्षांतील आमचीं पांढुरकीं, अर्धपोटीं माणसें, त्यांत बाळंतिणी किती! त्यांच्या ओठांवर ती खूणहि उमटली नसेल. आजीच्या भावाचे ओठ निळे झाले, कारण त्याच्या अंगांत भरपूर रक्त होतें. हा माझा आपला तर्क आहे, पण लुंड्सगार्ड यांच्या हिशेबाशीं तो जुळतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें : फुप्फुसें प्राणवायु देईनाशीं झालीं. परंतु तीं कां बंद पडलीं, आणि धट्ट्याकट्ट्यांचीं कां? येथें गाडी पुष्कळ वर्षें अडून राहिली. मुळांत रोगाचा कर्ताच चुकीचा धरला होता. १८९२ पासून फायफर यांच्या जंतूला दोष दिला जाई. खरा अपराधी, जंतूहूनहि सूक्ष्म असा विषाणु, १९३३ सालीं स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या त्रिकुटानें लंडन येथें मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट नांवाच्या प्राण्यांत पकडला. पुढें १९५७ सालीं लंडन येथेंच आयझॅक्स व लिंडेनमान यांना असें दिसलें कीं, इन्फ्लुएंझाच्या विषाणूशीं गांठ पडलेल्या पेशी एक द्रव्य सोडतात आणि त्यायोगें शेजारच्या पेशी सावध होतात. त्याचें नांव इंटरफेरॉन. गांवांत दरोडा पडला म्हणजे पाटील दवंडी पिटवितो, तशीच ही पेशींची दवंडी. अशीं निरोप पोंचविणारीं द्रव्यें पुढें डझनावारी सांपडलीं. त्यांच्या हांकेसरशीं रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, पाणी झिरपतें, जागा लाल व ऊन होते. यालाच आपण दाह म्हणतों. बोटाला कांटा लागला तर हाच दाह आपला रक्षक असतो.

पण फुप्फुस म्हणजे बोट नव्हे. त्यांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, आणि हवा व रक्त यांमधील पडदा कित्येक ठिकाणीं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. तेथें पाणी झिरपणें म्हणजे श्वासाची वाट बुजणें. १९६७ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनीं बारा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कोणाला अपघात झालेला, कोणाला विषाणूचा न्यूमोनिया. मूळ कारण वेगवेगळें, परंतु सर्वांचीं फुप्फुसें सारख्याच रीतीनें भरून आलेलीं, आणि वरून प्राणवायु देऊनहि निळेपणा हटत नाहीं. घाव कोणाचाहि असो, फुप्फुस एकाच तऱ्हेनें उत्तर देतें, हें त्या बारा जणांनीं शिकविलें.

मग १९९७ साल उजाडलें. हाँगकाँगमध्यें कोंबड्यांचा इन्फ्लुएंझा अठरा माणसांना झाला व सहा दगावलीं. त्या विषाणूची परीक्षा करतां तेथील संशोधकांना आढळलें कीं, साध्या इन्फ्लुएंझाच्या मानानें हा विषाणु शरीराच्या पेशींकडून कितीतरी अधिक दवंडी पिटवितो. तिकडे अमेरिकेंत जेफ्री टॉबेनबर्गर यांनीं १९१८ सालीं मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे मेणांत जपून ठेवलेले तुकडे, आणि अलास्कांतील बर्फांत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचा अंश, यांतून जुन्या विषाणूची संपूर्ण लिपि वाचून काढली. २००५ सालीं तो विषाणु कडेकोट प्रयोगशाळेंत पुन्हां सजीव करण्यांत आला. हें साहस करावें कीं न करावें यावर वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. २००७ सालीं तो माकडांना टोंचला, तेव्हां त्यांच्या फुप्फुसांत दाहाचा आगडोंब उसळला. शरीराची पहिली संरक्षक फळी भलत्याच वेळीं, भलत्याच जोरानें लढत राहिली आणि आपलेंच घर पाण्यानें भरून बसली.

तालीमबाज तरुणांचें कोडें याच वाटेनें सुटतें असें पुष्कळांचें म्हणणें आहे : ज्याचें सैन्य बलाढ्य त्याच्या घरांत लढाई अधिक विध्वंसक. मी मात्र तेवढ्यावर पैज लावणार नाहीं. जे वृद्ध वांचले त्यांच्या अंगीं जुन्या कुठल्या साथीचें संरक्षण असावें, असाहि एक पक्ष आहे. शिवाय १९१८ च्या बहुतेक मृत्यूंत विषाणूच्या मागोमाग दुसरे जंतूहि फुप्फुसांत शिरले होते, हें जुने तुकडे तपासतां निश्चित झालें आहे. इतिहासांत एकाच कारणावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी नापास होतो, असें मी वर्गांत सांगत असें.

आतां या हकीकतींतील मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. दाहामुळें प्राणवायु कमी होतो हें कळलें. परंतु प्राणवायु कमी झाल्यानें दाहावर कांहीं परिणाम होतो काय? अमेरिकेंतील ग्रेग सेमेन्झा यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पेशींमधील एक कळ शोधून काढली. प्राणवायु कमी पडला कीं ती कळ दाबली जाते व पेशी आपला सारा कारभार टंचाईच्या रीतीनें चालवूं लागते. या कामाबद्दल त्यांना, इंग्लंडचे पीटर रॅटक्लिफ यांना व अमेरिकेचे विल्यम केलिन यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें दिसून आलें कीं, पांढऱ्या पेशीहि हीच कळ वापरतात. एरवीं लौकर मरून जाणाऱ्या कांहीं पांढऱ्या पेशी प्राणवायूच्या टंचाईंत अधिक काळ जगतात व लढत राहतात. उंच पर्वतावर गेलेल्या निरोगी माणसांच्या रक्तांतहि दाहाचें एक निरोपी द्रव्य वाढलेलें आढळलें आहे. तेथें विषाणु नाहीं, रोग नाहीं, केवळ हवा विरळ. म्हणजे दाहानें प्राणवायु घटतो आणि घटलेला प्राणवायु दाहाला इंधन घालतो. मोटेच्या बैलांनीं आपली आपणच विहीर उपसावी तसें हें चालतें. मात्र चित्र एकरंगी नाहीं. टंचाईंत पेशी दाहाला आवर घालणारें एक द्रव्यहि सोडतात, आणि प्रयोगांत कांहीं प्रसंगीं तें फुप्फुसांना वांचवितांना दिसलें आहे. शरीर एकाच वेळीं आग लावतें आणि पाणीहि मारतें. पारडें कोणीकडे झुकेल तें क्षणावर अवलंबून.

हा क्षण ओळखावयाचा कसा? डोळ्यांवर भरंवसा नाहीं. १९४७ सालीं फिलाडेल्फिया येथें मुद्दाम परीक्षा घेतली, तेव्हां रक्तांतील प्राणवायु शेंकडा ८० च्या आसपास येईपर्यंत बहुतेक निरीक्षकांना निळेपणा खात्रीनें ओळखतां आला नाहीं. रोग्याच्या जाणिवेवरहि भरंवसा नाहीं, आणि याचें कारण पुन्हां हॉल्डेन यांच्याकडेच सांपडतें. १९०५ सालीं त्यांनीं व जॉन प्रीस्टली यांनीं सिद्ध केलें होतें कीं, श्वास घेण्याची निकड आपल्याला मुख्यतः प्राणवायूच्या अभावानें वाटत नसून उच्छ्वासावाटे जाणारा कर्बाम्ल वायु रक्तांत सांचल्यानें वाटते. विषाणूनें फुप्फुसें बिघडलीं तरी हा वायु बराच काळ बाहेर पडत राहतो. म्हणून रोग्याला धाप लागत नाहीं, तो हंसतो-बोलतो, आणि आंत प्राणवायु घसरत असतो. खरें काम केलें तें ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानें. ते प्रकाशाच्या साहाय्यानें हृदयाचें कार्य मोजूं पाहत होते. नाडीच्या ठोक्यांनीं मोजणींत सारखा व्यत्यय येई. १९७४ च्या सुमारास त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हा व्यत्यय काढून टाकण्याऐवजीं तोच मोजला तर धमनींतील प्राणवायूचा आंकडा सुईवांचून मिळतो. बोटाच्या टोंकाला लावावयाचें तें चिमट्यासारखें यंत्र याच विचारांतून जन्मलें. काळसर त्वचेवर तें कधीं कधीं खऱ्याहून थोडा अधिक आंकडा दाखवितें, हें आपण ध्यानांत ठेवावें. आओयागी एप्रिल २०२० मध्यें वारले. जगभर घरोघरीं लोक त्यांचें यंत्र शोधीत असतांना.

एप्रिल २०२१ मध्यें माझ्या धाकट्या बंधूला पुण्यास कोविड झाला. सहाव्या दिवशीं त्याच्याशीं फोनवर बोललों. शाळेंतल्या एका जुन्या फजितीची आठवण काढून तो खळखळून हंसला. मागाहून त्याच्या पत्नीचा फोन आला. "भाऊजी, हे तर हसून बोलताहेत आणि यंत्र ८८ दाखवतंय. यंत्र बिघडलंय का?" तिचें बोट लावून पाहावयास सांगितलें. तिचा आंकडा ९८ आला. यंत्र बिघडलेलें नव्हतें.

ते दिवस कोणाच्या विस्मरणांत जावयाचे नाहींत. रिकामे टँकर घेऊन आगगाडी १९ एप्रिल रोजीं कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेली आणि प्राणवायु भरून नागपूर-नाशिकला आली. २१ एप्रिल रोजीं नाशिकच्या एका रुग्णालयांत टाकींतून प्राणवायु गळाला व पुरवठा तुटून वीसहून अधिक रोगी गेले. हॉल्डेन यांनीं सांगितलेली ती उसंत रुळांवरून वाहून आणावी लागत होती. आम्हांला संध्याकाळपर्यंत खाट मिळाली. डॉक्टरांनीं प्राणवायु लावला आणि त्याच रात्रीं डेक्सामेथासोन हें दाहशामक औषध सुरू केलें.

त्याच्या दोन दिवस आधीं एका शेजाऱ्यानें तेंच औषध, ताप उतरावा म्हणून, घरींच घेण्याचा सल्ला दिला होता. बंधूनें तें घेतलें नव्हतें. यांत काय अंतर होतें तें मला मागाहून, ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' नांवाच्या परीक्षेचे आंकडे वाचतांना कळलें. जून २०२० मध्यें त्यांचा निष्कर्ष जाहीर झाला. २१०४ रोग्यांना दररोज ६ मिलिग्रॅम औषध जास्तींत जास्त दहा दिवस दिलें, ४३२१ जणांना नेहमींचेच उपचार. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१.४ वरून २९.३ वर आलें. केवळ प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांत? तेथें औषध घेणारांत १७.८, न घेणारांत १४. लाभ कांहीं नाहीं, झाला तर अपायच. औषध एक, मात्रा एक, रोग एक. अंतर फक्त रक्तांतील प्राणवायूचें. विषाणूशीं लढाई चालू असतांना सैन्याचे हात बांधणें हें एक, आणि लढाई संपूनहि घर जाळीत सुटलेल्या सैन्याला आवरणें हें दुसरें. इन्फ्लुएंझाच्या न्यूमोनियांत मात्र हेंच औषध हितकर ठरतें असें सिद्ध झालेलें नाहीं, तेव्हां हा नियम सरसकट कोणी लावूं नये. आपल्याकडे त्या उन्हाळ्यांत हें औषध भलत्या दिवशीं, भलत्या मात्रेनें कितीकांनीं घेतलें, आणि मधुमेह असलेल्यांवर काळ्या बुरशीचें संकट कसें कोसळलें, तें आपण पाहिलेंच आहे.

बंधु अकराव्या दिवशीं घरीं आला. त्याच्या घरीं दिनदर्शिकेच्या पानांवर वहिनींनीं लिहून ठेवलेले सकाळ-संध्याकाळचे आंकडे अजून आहेत : ९५, ९४, ९४, ९१, ८८, मग अकरा दिवस कोरे, आणि त्यानंतर ९६.